अर्ध्या वाटीचा मान

१

करागाश गावात कुणालाही पत्ता विचारून पाहा. "साखर कारखान्याला उतरा, एम्माच्या कोपऱ्यावरून आत वळा, थिएटरच्या समोरचं निळं फाटक." आता कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तिथं सोफे आणि कपाटं विकतात. एम्मा जर्मनीला गेली त्याला तीस वर्षं उलटली. थिएटर तर केव्हाच पाडलं. पण बसवाला अजून ओरडतो, "साखर कारखाना, कोण उतरणार?" आणि माणसं उतरतातही. शेजारचं अल्माटी शहर दर वर्षी दोन पावलं पुढं सरकतं आणि करागाश तेवढंच आक्रसतं. नवी माणसं येतात, उंच कुंपणं घालतात. जुनी माणसं गेलेल्यांच्याच नावानं रस्ता सांगतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्या निळ्या फाटकाच्या घरात उल्मेकेनचा शुक्रवार ठरलेला असे. दुपारी कढईत तेल तापवायचं, सात शेल्पेक तळायचे, पुऱ्यांसारखे पातळ, तळहाताएवढे. तेलाचा वास अंगणभर गेला पाहिजे, कारण तो वास घरातल्या गेलेल्या माणसांचा वाटा. मग शेल्पेक शेजारीपाजारी वाटायचे आणि चार वाजता समोवार, चहाच्या पाण्याचा तोटीचा बंब, पेटवायचा. चहाला माणसंही ठरलेली. वर खिडकीशी, मानाच्या जागी, तिचा नवरा ओरालबेक. त्याच्या खाली झुमाश, कारखान्याचा भोंगा ज्याच्या हातात होता तो. मग पलीकडच्या घरातली वेरा त्सोई, शाळेतून निवृत्त झालेली कोरियन बाई, जिची जीभ अजून निवृत्त झाली नव्हती. मग सून तोगझान, जिचा नवरा शुक्रवारी शहरात कामावर असे. आणि सगळ्यात खाली, समोवारशी, उल्मेकेन.

त्या शुक्रवारी मात्र उल्मेकेननं पहिल्यांदा सुनेला समोवारशी बसवलं होतं. लग्न होऊन दोन महिने झाले होते, शिकायला नको? तोगझाननं मन लावून पाच वाट्या ओतल्या आणि हातोहात वर पाठवल्या. सगळ्या काठोकाठ.

झुमाशनं आपल्या वाटीकडं पाहिलं. "वहिनी, माझी टोपी कुठं ठेवलीय मी?"

"का हो काका?" तोगझान म्हणाली.

"अगं, हा तुला टोमणा मारतोय," वेरा म्हणाली. "वाटी भरून दिली म्हणजे प्या आणि चालते व्हा. मानाच्या माणसाला अर्धीच द्यायची. तो पुन्हा मागेल, तू पुन्हा देशील, बसणं लांबेल. तीस वर्षं या लोकांत राहून मी एवढंच शिकले, बाकी सगळं मीच यांना शिकवलं."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. ओरालबेकला तिची दया आली. "तिला कशाला बोलता रे? हिच्या सासूनं तर पहिल्याच चहाला माझ्या आईला घरातून घालवलं होतं."

"झालं. सांगा आता," उल्मेकेन म्हणाली.

त्यानं सांगितलं, शंभराव्यांदा. उल्मेकेन वसतिगृहात वाढलेली, आईबाप नसलेली पोर. तिथं पेला भरून मिळाला तर नशीब समजायचं. तेव्हा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं सासूलाही प्रेमानं काठोकाठ वाटी भरून दिली. म्हातारीनं वाटीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायली, शाल उचलली आणि अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली जाऊन बसली. कुणी बोलावलं तरी येईना. संध्याकाळी आपली आपणच आत आली आणि म्हणाली, "आज गेले आणि आले. पण पोरी, पुन्हा मला भरून दिलीस तर एकटी जाणार नाही हं. माझा लेक बरोबर नेईन."

सगळे हसले. हे हसणं चाळीस वर्षांचं होतं, त्याच्यावर साय धरली होती. उल्मेकेनही हसली, आणि तोगझानला बाजूला सारून तिनं समोवार आपल्याकडं घेतला. "सरक, आज बघून घे. पुढच्या महिन्यात तू ओत."

हसताना तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मार्चमध्ये त्याचं हृदय एकदा थांबता थांबता राहिलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, "हसतंबोलतं ठेवा, धावपळ नको. जपलंत तर काढेल काही वर्षं." तेव्हापासून उल्मेकेन दुसरं काही करत नव्हती. त्याला जपत होती. शुक्रवारचा हा चहासुद्धा आता त्याच्यासाठीच होता.

२

पुढच्या शुक्रवारी, सप्टेंबरच्या शेवटी, गप्पा रंगात होत्या. पूर्वी या दिवसांत साखरेच्या बिटाच्या गाड्या सुरू व्हायच्या. रस्ताभर बीट सांडायचं आणि पोरं ते राखेत भाजून खायची. ऑक्टोबरात कारखाना पेटला की अख्ख्या गावाला गुळासारखा वास यायचा, दोरीवरच्या कपड्यांनासुद्धा.

"माझ्या पहिल्या पगाराच्या कोटाला तो वास अजून आहे," झुमाश म्हणाला.

"तो वास तुझा आहे," ओरालबेक म्हणाला. "कोटाला उगाच नावं ठेवू नकोस."

रिकाम्या वाट्या हातोहात खाली येत होत्या, उल्मेकेन ओतत होती, वाट्या हातोहात वर जात होत्या. प्रत्येकाची वाटी तिला पाहिल्याबरोबर कळायची. झुमाशच्या काठाला तंबाखूचा पिवळा डाग. वेरा तळाशी मुरंब्याची एक चेरी ठेवायची. ओरालबेकची वाटी नेहमी स्वच्छ, चाटल्यासारखी.

तोगझाननं एक वाटी पुढं केली. तळाशी ओली लवंग होती.

उल्मेकेनच्या हातानं डोक्याला विचारलंच नाही. त्यानं आधी दाट साय घातली, मग काळाकुट्ट चहा, मग नावाला गरम पाणी. अर्धी वाटी. ती वर गेलीसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की असा चहा या घरात तीस वर्षांत कुणाला ओतलेला नाही. साय आधी, चहा काळा, आणि तळाला लवंग, जी चार-चार वाट्या तीच चालायची. असा चहा तिची सासू प्यायची. तिची एने.

मग तिनं मोजलं. या फेरीला तिनं सहा वाट्या ओतल्या होत्या.

वाट्यांचा संच होताच सहांचा. कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा कामगारांना वाटला होता, निळ्या कापूसफुलांचा. एने ऐंशी ओलांडून गेली तेव्हा शेजारची एम्मा डोळे पुसत आली आणि तिची वाटी मागून घेऊन गेली. इथं रीतच आहे तशी. लांब आयुष्य जगलेल्या माणसाची वस्तू मागून न्यायची, म्हणजे आपल्यालाही तेवढं लाभतं. दुसऱ्या वर्षी एम्मा जर्मनीला गेली आणि वाटीही तिच्या पेटीतून गेली. घरात उरल्या पाच.

माणसं गेल्यावर उल्मेकेननं भांडी घासली. वाट्या पाचच होत्या. 'वय झालं बाई,' ती स्वतःशी म्हणाली, 'एकच वाटी दोनदा भरली असशील.' ते पटण्याजोगं होतं, म्हणून तिनं ते पटवून घेतलं.

"तोगझान, लवंग आणलीस का गं तू?"

"लवंग? नाही आपा. आपल्याकडं कुठं असते?"

३

तिसऱ्या शुक्रवारी ती जागरूक बसली. पहिली फेरी पाच, दुसरी फेरी पाच. 'बघ, म्हटलं नव्हतं?' असं ती मनात म्हणते न म्हणते तोच तोगझाननं सहावी वाटी पुढं केली. वाटी गरम होती. तळाला लवंग.

"ही कुणाची गं?"

"मला वेराकाकूंनी दिली."

"मला झुमाशनं दिली," वेरा म्हणाली.

"मला ओरालबेकनं," झुमाश म्हणाला.

"माझी माझ्या हातात आहे," ओरालबेक म्हणाला, आणि ती खरंच त्याच्या हातात होती.

"अगं ओत की!" वेरा वैतागली. "कुणाची का असेना. चहा काय आता मोजून प्यायचा?"

उल्मेकेननं ओतला, अर्धी वाटी. वाटीवरून नजर न काढता ती पाहत राहिली. तोगझान, वेरा, झुमाश. मग ओरालबेकनं वाटी घेतली. त्याचं बोलणं चालूच होतं, कामगारांच्या बसचा ब्रेक कसा निकामी झाला होता ते. बोलता बोलता त्यानं ती आपल्या डाव्या हाताला, खिडकीकडच्या रिकाम्या गादीसमोर ठेवून दिली. पाहिलंसुद्धा नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं काम माणूस जसं करतो, तसं.

तो शेंडेफळ होता. आईच्या उजव्या हाताला बसून तिची वाटी तिच्यापुढं ठेवणं हे त्याचं काम होतं. त्या गादीवर तीस वर्षांत कुणी बसलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी बसलं नव्हतं एवढं खरं.

मग ओरालबेक मधेच थांबला. "भोंगा झाला ना आत्ता?"

"मला विचारतोस?" झुमाश म्हणाला. "मीच वाजवायचो तो. पंचवीस वर्षं झाली, बाबा, आता सोफे भोंगा वाजवत नाहीत."

वेरा हसली, तोगझान हसली. ओरालबेक हसला नाही. त्यानं मान थोडी डावीकडं कलती केली होती, कुणी हळू आवाजात काही सांगत असावं तशी. मग "हो," म्हणाला आणि पुन्हा बसच्या ब्रेककडं वळला.

त्या रात्री त्याला जिना नसलेल्या घरात जिना चढल्यासारखी धाप लागली.

४

त्यानंतर तो हळूहळू मागं जायला लागला. सकाळी विचारायचा, "एम्माकडून दूध आणलंस का?" पहिल्यांदा उल्मेकेनला वाटलं, गावाची खोडच आहे ही. पण ओरालबेक फाटकाशी जाऊन एम्माची वाट बघत उभा राहिला. एकदा दुपारच्या झोपेत स्वच्छ आवाजात म्हणाला, "शाल घेतो आणि येतो."

"कुठं येता?" उल्मेकेननं त्याला हलवलं.

त्यानं डोळे उघडले. "कुठं? झोपलोय ना मी."

तिनं खिडकीकडची गादी उचलून झटकली, उन्हात टाकली, परत आणून अंथरली. दुसऱ्या दिवशी सकाळी गादीच्या मधोमध खळगा होता. फार मोठा नाही. म्हातारपणी एने वाळून एवढीशी झाली होती. उल्मेकेननं खळग्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. खळगा गरम होता, आणि गादीवर अजून ऊन आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटली, पण त्या भीतीत दुसरंही काही मिसळलेलं होतं. वसतिगृहात वाढलेल्या पोरीला आई या बाईत मिळाली होती. तिनंच हिला साय कशी धरायची ते शिकवलं, पहिल्या बाळंतपणात चाळीस दिवस हिची वेणी घातली. परकं कुणी असतं तर उल्मेकेन फाटक लावून मोकळी झाली असती. पण एने आली, आणि आपल्या लेकाशेजारी आपल्या जागी बसली, तर तिला कोणत्या तोंडानं म्हणायचं की जा?

एका शुक्रवारी तिनं तळणच केलं नाही. तेलाचा वास नाही तर कुणी येणार नाही, असा तिचा हिशोब. ओरालबेक तीनदा स्वयंपाकघरात डोकावला.

"वास कसा नाही आला अजून?"

"आज नाही करत. गुडघा दुखतोय."

"अगं, एक शुक्रवार चुकला नाही कधी." त्याचा चेहरा लहान मुलासारखा कावराबावरा झाला. "ती वाट बघेल ना."

"कोण?"

तो गोंधळला. मग तिला ढकलून त्यानं स्वतःच कढई चढवली, पीठ मळलं, आणि सातव्या शेल्पेकला भिंतीला टेकून घामाघूम होऊन खाली बसला. त्या दिवशी डॉक्टर आला. "असंच चाललं तर हिवाळा निघणार नाही," तो बाहेर फाटकाशी हळूच म्हणाला.

उल्मेकेन अंगणात उभी राहिली. जर्दाळूची पानं गळत होती. मग तिनं ठरवलं. या गावात पाहुण्याला जा म्हणायची एकच सभ्य रीत आहे. तोंडानं म्हणावं लागत नाही.

५

पुढच्या शुक्रवारी ऊन छान पडलं होतं. ओरालबेकला बरं वाटत होतं, त्यानं दाढी केली होती. वेरानं गाजराची तिखट कोशिंबीर आणली होती. झुमाश भोंग्याची गोष्ट सांगत होता, एकदा तो झोपून गेला आणि अख्खं गाव तासभर उशिरा उठलं ती. उल्मेकेनला त्या सगळ्यांची माया दाटून आली.

दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला तिनं मान वर केली आणि मुद्दाम पाहिलं.

ओरालबेकचा कोपर आणि खिडकी यांच्यामधून एक हात पुढं आला होता. मनगटापर्यंतच दिसत होता, वर पांढरी बाही आणि मग पडद्याची सावली. सुरकुतलेला, स्वच्छ हात. बोटात लाल खड्याची चांदीची अंगठी, जी उल्मेकेननं आपल्या हातांनी काढून ठेवली होती, दफनाच्या आदल्या दिवशी. त्या हातानं वाटी हळूच दस्तरखानावर, मधे अंथरलेल्या कापडावर, पुढं सारली. ओरालबेकनं ती झुमाशकडं दिली, झुमाशनं वेराकडं, वेरानं तोगझानकडं.

उल्मेकेननं साय घातली. चहा घातला. मग पाणी घालत राहिली, घालत राहिली, लवंग वर येऊन तरंगायला लागेपर्यंत. 'एने, माफ करा,' ती मनात म्हणाली. 'एवढा एकच राहू द्या मला.'

वाटी तोगझानच्या हातातून सुटून वेराच्या हातात गेली, आणि तेव्हा उल्मेकेनला ते शंभरदा ऐकलेलं, साय धरलेलं वाक्य आठवलं. पुन्हा भरून दिलीस तर एकटी जाणार नाही.

"थांबा, ती वाटी इकडं..."

पण झुमाशनं ती पुढं केली होती आणि ओरालबेकनं घेतली होती. या वेळी त्यानं ती डावीकडं ठेवली नाही. हातातच धरून पाहत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, जुनं, लग्नाच्या वेळचं.

"अगं, मला? काठोकाठ?"

"तुमची नाही ती. अहो, ठेवा ती खाली."

"बायको घालवते म्हटल्यावर जायला नको?" तो झुमाशला म्हणाला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायला. मग गुडघ्यावर हात देऊन उठला, शाल उचलली. "जरा उन्हात बसतो."

उल्मेकेन त्याच्यामागं धावली. तो जर्दाळूखाली बाकावर बसला होता, उजव्या टोकाला, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. तिनं त्याचा हात धरला तेव्हा हात ऊबदार होता. चेहऱ्यावर ऊन होतं.

दुःखाच्या गर्दीत भांडी कुणी घासली कुणास ठाऊक. नंतर तिनं पाहिलं तर फडताळात पाच वाट्या होत्या.

६

ओरालबेकचा चाळिसावा दिवस झाला. बर्फ पडून गेलं. बसवाले अजून साखर कारखानाच ओरडत होते, आणि जुनी माणसं नव्या माणसांना आता सांगत, "ओरालबेकच्या फाटकापासून डावीकडं."

उल्मेकेननं कुणाला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? सगळे म्हणाले, किती सुखाचं मरण, हसत गेला. झुमाशनं आणि वेरानं हट्टानं तिला वर, मानाच्या जागी बसवलं. समोवारशी आता तोगझान होती. पोरगी शिकली होती. प्रत्येकाला अर्धी वाटी, प्रत्येकाची आवड लक्षात. या घरात आली तेव्हापासून ती सासूच्या मागंपुढं असायची, आणि ओरालबेक गेल्यावर तर रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकून जायची. उल्मेकेनला ते कळत होतं, पण ती झोपेचं सोंग घ्यायची.

पहिला शुक्रवार गेला. दुसरा गेला. तिसऱ्या शुक्रवारी उल्मेकेन एम्माबद्दल बोलत होती, तिच्या गाईच्या सायीबद्दल, आणि बोलता बोलता तिच्या हातात एक वाटी आली. तिनं ती न पाहता डावीकडं ठेवली. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं. तिनं तोगझानकडं पाहिलं. तोगझान ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी वाटी काठोकाठ भरून आली.

वेराच्या हातातून थोडी सांडलीसुद्धा. "अगं पोरी, पुन्हा विसरलीस का?" वेरा म्हणाली. तोगझानचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती उल्मेकेनकडं पाहतच नव्हती. ती उल्मेकेनच्या डावीकडं, खिडकीपाशी पाहत होती.

उल्मेकेनला सगळं कळलं. सासूच्या रूपानं मिळालेली आई आपल्यापासून कुणी नेऊ नये म्हणून या पोरीनं पाहुण्याला भरून दिलं होतं. उल्मेकेननं वाटी उचलली, डावीकडच्या गादीसमोर ठेवली, आणि सरळ समोर पाहत बसली. बाहेर जर्दाळू उघडाबोडका उभा होता. झुमाश काहीतरी बोलत होता, भोंग्याचंच.

दस्तरखानावर चिनी माती घासल्याचा आवाज झाला. वाटी पुन्हा तिच्यासमोर होती. चहा थेंबभर सांडला नव्हता. सायीवर लवंग तरंगत होती.

"तोगझान," उल्मेकेन म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही गं. पण यापुढं अर्धीच देत जा. कुणाचीही असो."

मग तिनं वाटी दोन्ही हातांत घेऊन ओठांशी नेली. ती गरम होती, आणि तिला त्या पहिल्या दिवसाचा सायीचा वास आला. सासूनं पुढं केलेली वाटी परत सारायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.